हिरवी टोपली

"जरा खाली सरकवता यायचं न्हाई का ओ बाई?" आत्याबाईंनी डॉक्टरांना विचारलं. "आलंय तर खरं. चुकून बोळात शिरलं असंल. हाताला धरून घरात आणता आलं तर बघा की."

डॉक्टर इनामदार बाई हसल्या नाहीत. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आत्याबाईंच्या समोर बसल्या.

"नाही येत, आजी. गर्भ जिथं रुजला तिथून उपटून दुसरीकडे लावता येत नाही. हा रुजलाय नळीत, आणि नळी तुमच्या करंगळीहून बारीक. वाढायला जागाच नाही. वाढला की नळी फुटणार. मागं उजवी फुटलीच होती ना?"

"मग आता?"

"ही डावी फुटायच्या आत काढायची. आजच, दुपारी."

मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. गुडघे पोटाशी घेतले होते. ओटीपोटात डावीकडे कुणीतरी चिमट्यात धरून ठेवल्यासारखं दुखत होतं. पण दुखण्याचं काही नव्हतं. उजवी नळी काढली तेव्हा मला सांगितलं होतं, एक आहे अजून, एकीवरही होतं. तेव्हापासून त्या एका डाव्या बाजूवर मी सगळा संसार मांडला होता. झोपतानासुद्धा डाव्या कुशीवर वळत नव्हते, अंगाखाली चुरगळेल म्हणून. आणि आता तिथं ते आलं होतं, दारापर्यंत येऊन उंबऱ्याबाहेरच थांबलं होतं.

"दोन्ही गेल्या की, बाई?" मी भिंतीलाच विचारलं.

"पिशवी राहील. पाळी येत राहील. अंगात ताकद येईल, कामधाम पहिल्यासारखं होईल. फक्त दिवस आपोआप राहणार नाहीत. मोठ्या शहरात काही उपाय निघालेत, पण ते पुढचं पुढं. आज तुमचा जीव."

"दोन दिवस थांबू या."

"कशासाठी?"

कशासाठी ते मला सांगता येईना. सांगितलं असतं तरी बाईंना कळलं नसतं. ते आत्याबाईंना कळलं असतं, आणि त्यांच्यापुढंच ते बोलायचं नव्हतं.

आम्ही कासार. म्हसवडच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. दुकानात पुरुष बसत, पण घरोघर जाऊन बांगड्या भरायचं काम बायकांचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे दोन टोपल्या होत्या. एक रोजची, रंगीबेरंगी. दुसरी खुंटीला टांगलेली, हिरव्या फडक्यात बांधलेली. तिच्यात फक्त हिरवा चुडा. नवरीला भरायचा, आणि पहिलटकरणीला डोहाळजेवणाला भरायचा. रोजची टोपली मी कधीच घेऊन फिरायला लागले होते. हिरवीला मात्र मी हात लावत नव्हते. गावात बायकांचा समजच होता, की पोटुशीला चुडा भरायचा तो लेकुरवाळीनं. आत्याबाई लेकुरवाळ्या. दोन मुलगे, घरात नातू. धाकटी जाऊ मंदा, तिला एक मुलगा. पण मंदाचा हात असा जड, की तिनं भरायला घेतलं की गिऱ्हाईक आधीच डोळे मिटून घ्यायचं.

आत्याबाईंची बोटं आखडत चालली होती. पेठेतल्या बायका मला म्हणायच्या, "रतन, तुझ्या हातानं बांगडी चढताना कळतसुद्धा नाही गं. एकदा तुझी कूस उजवू दे, मग हिरवी टोपली तुझीच." मीही तेच धरून बसले होते. मूल हवं होतं, कुणाला नको असतं? पण माझ्या मनात मूल आणि टोपली वेगळी नव्हतीच. एक आलं की दुसरी येणार. एक गेलं की दुसरीही गेली.

बाई बाहेर गेल्या. दारात हे उभे होते, हातात चहाची किटली, ती कुणाला द्यायची ते न सुचून. आत्याबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्या उशाशी बसल्या.

"रतन, इकडं तोंड कर."

मी वळले.

"लहान मापाची बांगडी चढवायला घेतलीस आन बोटांच्या पेरावर अडकली. काय करतीस?"

"आत्याबाई, आत्ता काय हे..."

"इचारते त्याचं उत्तर दे. काय करतीस?"

"मागं घेते."

"फुडं का रेटत न्हाईस?"

"पिचेल. हात कापेल."

"मग बांगडी वाईट व्हती?"

"नाही."

"हात वाईट व्हता?"

मी नुसती मान हलवली.

"न्हवता," आत्याबाई म्हणाल्या. "बांगडीबी चांगली, हातबी चांगला. माप जुळलं न्हाई. मागं घ्यायची, बाई. हळूच मागं घ्यायची."

मी खूप रडले. त्यांनी माझे डोळे पुसले नाहीत, उगी म्हटलं नाही. पदराच्या टोकानं मला वारा घालत राहिल्या. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "शशी, बाईंना सांग जा, तयारी करा म्हणावं. आन ती किटली ठेव कुठंतरी. अभिषेकाला निघाल्यासारखा काय हुबा हायस?"

रडता रडता मला हसू आलं, आणि हसल्यावर पोटात कळ आली.

सिस्टर आली ती घाईतच. "दागिने काढा. मंगळसूत्र आजींकडे द्या. हातातल्या बांगड्या निघत नसतील तर फोडू या."

"फोडू म्हणू नये, पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "वाढवू म्हणावं."

"बरं, वाढवू. पण लवकर हं आजी."

"लवकरच. पण एकबी वाढवायची न्हाई."

कासारणीच्या हातात ढिली बांगडी शोभत नाही. तिचा हात म्हणजे दुकानाची पाटी. माझ्या बांगड्या अगदी बसत्या मापाच्या होत्या, चढवताना साबण लागला होता. आत्याबाईंनी मोरीतून साबणाची वडी आणली, माझा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकत्र आवळून पहिली बांगडी खाली ओढायला लागल्या. बांगडी पेरापाशी आली आणि थांबली. त्यांची बोटं वळेनात. पुन्हा लावलं. पुन्हा थांबली. त्यांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर गावाचे हात ज्या हातांनी भरले, त्यांना सुनेच्या हातावरून एक बांगडी उतरवता येईना.

"द्या," मी म्हटलं.

मी उठून बसले. उजवा हात साबणानं माखला, अंगठा आत दुमडला, हाताची बोटं कळीसारखी मिटली आणि डाव्या हातानं एकेक बांगडी उतरवायला घेतली. पोटात कळ येत होती, ती आली की थांबायचं, गेली की पुढं. तोंडात आपोआप ओवी आली. आत्याबाईंचीच. बांगडी भरताना त्या म्हणायच्या, समोरचीचं मन ओवीत गुंतलं की हात आपसूक मऊ पडतो म्हणून.

*सैल सोड बाई हात, जसं पाण्यावर पान*
*पैलतीरी लागू दे गं, माझं काचेचं वाण*

उजवा हात झाला. मग डावा. एक एक बांगडी खाटेवरच्या पांढऱ्या चादरीवर हिरवं वेटोळं करून बसत गेली. एकही पिचली नाही. सिस्टर दारातच थांबली होती, घाई विसरून.

आत्याबाई बांगड्यांकडे बघत नव्हत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या. असं बघत होत्या, की मला वाटलं, रिकामे हात बघवत नाहीत त्यांना. त्यांनी बांगड्या गोळा करून पदरात गाठ मारली आणि बाहेर गेल्या.

टेबलावर घेतल्यावर भुलीच्या डॉक्टरांनी मला कुशीवर वळवलं. पाठ वाकवायला सांगितली. म्हणाले, "ताई, पाठ सैल सोडा. एकदम सैल." मला वाटलं, यांना कुणी शिकवली आमची ओवी? मी सैल सोडलं. कंबरेखालचं अंग हळूहळू माझं राहिलं नाही. पडद्यापलीकडे बाईंचा आवाज येत होता, हत्यारांचा आवाज येत होता, आणि मी छताकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी हळूच मागं घेत होतं.

*

घरी आले तेव्हा खुंटीवर टोपली नव्हती.

ते मी सगळ्यात आधी बघितलं. अंथरूण घातलेलं, शेगडी पेटवलेली, मंदानं शिरा केलेला, सगळं होतं. खुंटी मात्र रिकामी होती. मी विचारलं नाही. काय विचारायचं? टोपली मंदाच्या खोलीत गेली असणार. रीतच ती. मी अंथरुणावर पडून स्वतःला समजावत राहिले, की रतन, रोजची टोपली आहे ना तुझ्याकडे. रंगीत बांगड्या काही कमी चांगल्या नसतात.

आत्याबाईंनी माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, पोटाला पट्टा बांधून दिला. शेजारणी भेटायला यायच्या आणि तोंडानं चुकचुकायच्या. आत्याबाई त्यांना म्हणायच्या, "चहा घ्या आन चुकचुकायचं ते तुमच्या घरी जाऊन चुकचुका. हिला जखम हाय, हसवलंसा तर चालंल, रडवायचं न्हाई." पण टोपलीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. माझ्या हातात त्यांनी दोन ढिल्या प्लास्टिकच्या बांगड्या घातल्या होत्या. काचेच्या कुठं आहेत, तेही मी विचारलं नाही. आपल्याला ज्याचं उत्तर माहीत आहे असं वाटतं, ते आपण विचारत नाही.

जखम भरली. आंब्याचे दिवस आले. मी पुन्हा दुकानात बसायला लागले. एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "लुगडं बदल. पिसाळांच्याकडं जायाचंय. उज्ज्वलाचं डोहाळजेवण हाय."

"मी कशाला?"

"मी सांगते म्हणून."

दारात मंदा उभी होती. तिच्या कमरेवर हिरव्या फडक्याची टोपली. मला वाटलंच होतं. पण टोपली वेगळी दिसत होती. बूड नवं, काठ नवा, बाजूला धरायला नवी मूठ.

"चला की बाई," मंदा म्हणाली. "मला वाहायचं काम लावलंय. तुमच्या पोटाला ओढ बसू नये म्हणून. मी हमाल, तुम्ही कासारीण."

"म्हणजे?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा. दोन महिने बुरुडाकडं पडून होती. म्हणे उंच बाईच्या कमरेला बसेल अशी मूठ करून दे. घरात उंच बाई कोण ते तुम्हीच बघा. मी तर ह्या फडताळाएवढीसुद्धा नाही."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या चपला शोधत होत्या. चपला पायातच होत्या.

पिसाळांच्या अंगणात बायकाच बायका. उज्ज्वला पाटावर बसलेली, हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, आणि पोट असं पुढं आलेलं की ओटीचा नारळ कुठं ठेवायचा हा प्रश्न. मंदानं टोपली माझ्यासमोर ठेवली आणि मागं सरली. मी फडकं सोडलं. तेवढ्यात उज्ज्वलाची आजी, गोजराबाई, पुढं आल्या.

"कासारीणबाई, तुमी भरा की," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "ह्या पोरीला वाईट वाटायचं न्हाई, चांगली हाय ती. पण आमची पहिलटकरीण हाय. हिचं तर आता... समदं काढलंय म्हणत्यात. लेकुरवाळ्या हाताचा चुडा बरा."

मी फडक्याची गाठ पुन्हा बांधायला घेतली. माझे कान गरम झाले होते. आत्याबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि तिथंच पाटाशेजारी जमिनीवर ऐसपैस बसल्या, जशा काही गप्पा मारायला आल्या होत्या.

"गोजराबाई, तुमच्या थोरल्या लेकीला चुडा कुणी भरला?"

"तुमीच की."

"मधलीला?"

"तुमीच."

"आन उज्ज्वलाच्या आईला? ह्याच अंगणात?"

"तुमीच भरला. समद्या सुखरूप सुटल्या. तुमच्या हाताला यश हाय, म्हणून तर म्हणते."

"मग ऐका," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या हाताला पोटचं एकबी लेकरू न्हाई."

मंदाच्या हातातला ओटीचा तांदूळ खाली सांडला.

"शशी आन त्येचा भाऊ माझ्या थोरल्या बहिणीची लेकरं. ती धाकट्याच्या बाळंतपणात गेली. पोर पाळण्यात, दूध कोण पाजणार म्हणून मला त्या घरात दिली. शेळीच्या दुधावर वाढवला मी त्याला. मला फुडं झालं न्हाई. का झालं न्हाई ते तवा कोण बघतंय? डॉक्टरबी न्हवता आन काढायबी कुणी न्हवतं. इंदापूर सोडून हितं आलो तवा माझ्या कडेवर एक आन बोटाला एक. तुमी म्हणालासा लेकुरवाळी. मी म्हटलं, व्हय."

"पण आजवर बोलला न्हाईसा," गोजराबाई म्हणाल्या.

"कुणी इचारलं न्हाई. आन लेकरं माझीच व्हती, मग काय सांगायचं?" आत्याबाईंनी माझा हात उचलून गोजराबाईंपुढं धरला. "माझ्या सासूनं मला टोपली दिली तवा माझी कूस न्हवती बघितली. हात बघितला व्हता. मीबी हातच बघितला. पोटात कळ येत व्हती आन ह्या बाईनं सोताच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. एक पिचली न्हाई. तुमास्नी चालत नसंल तर तसं सांगा. पण मग मी भरलेलेबी समदे चुडे उतरवा."

गोजराबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात उज्ज्वलानं हात पुढं केला.

"आज्जी, किती येळ बसवताय? पाय आखडलाय माझा. रतनवहिनी, भरा तुम्ही."

"भरा बाई," गोजराबाई म्हणाल्या. मग बसता बसता आत्याबाईंना हळूच म्हणाल्या, "शेळीच्या दुधावर? त्यो धाकटा? एवढा दांडगा?"

"म्हणून तर बोकडासारखा वागतो," मंदा मागून म्हणाली. तिचाच नवरा तो. अंगण हसलं.

मी उज्ज्वलाचा हात घेतला. गर्भारपणात हात सुजतात, तिचाही सुजला होता. माप बघितलं, एक माप मोठं घेतलं. अंगठा आत दुमडला, तळवा दाबून निमुळता केला. ती ताठ होती, आम्हा सगळ्यांच्या बोलण्यानं घाबरलेली. मी ओवी सुरू केली. दुसऱ्या ओळीवर आत्याबाईंचा आवाज माझ्या आवाजात मिसळला, जुना, खरखरीत. उज्ज्वलाचा हात मऊ पडला. पहिली बांगडी पेरांवरून सरली, मनगटावर उतरली, आणि किण् वाजली.

*

घरी येऊन आत्याबाईंनी मला परसात बसवलं. फडताळातून एक पुरचुंडी आणली, तिच्यात माझ्या त्या दिवशीच्या हिरव्या बांगड्या होत्या. हातातल्या प्लास्टिकच्या काढून टाकल्या आणि मला भरायला बसल्या. त्यांच्या बोटांना फार वेळ लागला. दुखलं. दोन पिचल्या, त्यांनी उरलेल्या भरल्या.

"ह्यांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"त्यालाच इचार."

संध्याकाळी दुकान बंद करून हे घरी आले तेव्हा मी विचारलं. ते कुलपाची किल्ली खुंटीला अडकवत होते.

"लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मग मी विसरलो. लक्षात ठेवायची वेळच आली नाही."

आणि आईला म्हणाले, "आये, वाढ गं, भूक लागलीय."

त्याला आता खूप वर्षं झाली. शहरातल्या उपायाचं आम्ही एकदा बोललो होतो, मग बोलणं राहून गेलं. राहून गेल्याचं दुःख झालं नाही, खरंच नाही. पेठेतून चालत निघाले की लहान पोरं घरात ओरडतात, "आई, कासारीणकाकू आली!" त्यातल्या निम्म्यांच्या आयांचे हात मी धरलेले आहेत. उज्ज्वलाच्या पोटात त्या दिवशी जी होती, तिचाही चुडा मी भरला. बसता बसता ती ओवी म्हणायला लागली, आईकडून ऐकलेली.

आत्याबाई गेल्या त्या माझ्या मांडीवर. शेवटपर्यंत त्यांच्या हातात मीच भरलेल्या बांगड्या होत्या.

आता माझी बोटं आखडायला लागली आहेत. परवा पिसाळांच्या शेजारून निरोप आला, डोहाळजेवण आहे. मी खुंटीवरची टोपली काढली, तर मंदाची धाकटी लेक, सायली, दारात येऊन उभी राहिली. नोकरी सोडून दुकान बघते ती आता. तिशी उलटली, लग्न केलं नाही, करणार नाही म्हणते. बराच वेळ ती दाराच्या चौकटीला नख लावत उभी होती.

"काकू, एक विचारू? तुला आता जमत नाही, तर ही टोपली मी घेतली तर चालेल? पण माझं तर लग्नही नाही. लोक काय म्हणतील?"

मी टोपली खाली ठेवली. जमिनीवर ऐसपैस बसले.

"इकडे ये," मी म्हटलं. "हात दाखव बघू."